नागेशला पाठवलं कुणी

वडगाव निंबाळकरच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या भरावावर पाटकऱ्याची खोली होती. पुढं करंजीची ओळ, मागं ऊस, आणि दारासमोरून वाहणारं पाणी. त्या खोलीत आबाजी एकटा राहायचा. त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्याची बायको रतन गेली. त्याआधी तिथं दोघं राहत होती. लेकरू झालं नाही, पण घर सुनं कधी वाटलं नव्हतं.

पाटकऱ्याचं काम म्हणजे पाणी वाटायचं. वरून कालव्याला पाणी सुटलं की शेतांकडं जाणाऱ्या चाऱ्यांची दारं उघडायची, ज्याची पाळी असेल त्याच्या शेताच्या मोरीला पाणी लावून द्यायचं, पाळी संपली की चाक फिरवून दार खाली घालायचं. या कामात माणसं रोज भेटतात आणि जवळचं कुणी होत नाही. ज्याला पाणी मिळालं तो आपल्या वाफ्यात गुंतलेला असतो. ज्याला मिळालं नाही तो पाटकऱ्याकडं बघून न बघितल्यासारखं करतो. आबाजी सायकलवरून भरावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा, आणि कित्येकदा दिवस मावळला की त्याच्या लक्षात यायचं, आज आपण तोंडातून शब्द काढलेला नाही.

तो मूळचा कळंबचा. घरात मेंढरं होती. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, थोरल्या भावांनी शेती धरली आणि आबाजी कालव्याच्या कामावर रोजंदारीनं लागला. एकदा भराव खचून तो खाली आला नि पाय मोडला. बारामतीजवळ तेव्हा मिशनचा एक लहानसा दवाखाना होता, तिथं त्याला टाकलं. रतन तिथं आया होती. मिशनच्या वसतिगृहात वाढलेली, आईबाप कोण ते माहीत नसलेली पोर. पाय जुळेपर्यंत दोघांची मनं जुळली. आबाजीनं बाप्तिस्मा घेतला आणि लग्न केलं. कळंबच्या भाऊबंदांनी भांडण काढलं नाही, अंगावर कुणी आलं नाही. फक्त हळूहळू बोलावणी बंद झाली. पुतण्याचं लग्न झाल्याचं आबाजीला भिगवणच्या बाजारात एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. त्या माणसाला वाटत होतं, आबाजी लग्नाला होता.

रतनला एक खोड होती. देवानं काही केलं असं तिला वाटलं की ती ते मोठ्यांदा सांगायची. एसटी वेळेवर आली, देवानं आणली. सरपण ओलं असून चूल पेटली, देवानं पेटवली. कुणाची म्हैस सुखरूप व्याली की ही मालकिणीला सांगायची, "प्रभूनं सोडवलं बघा तिला." आबाजीला अवघडल्यासारखं व्हायचं. बाजारात ती भाजीवालीपाशी असं काही बोलायला लागली की तो पिशवी घेऊन चार पावलं पुढं जाऊन उभा राहायचा. पण घरी, भाकरी खाताना, तिचं ते बोलणं त्याला बरं वाटायचं. दिवसभर जे नुसतं घडून गेलं त्याला संध्याकाळी कुणीतरी अर्थ लावून देतंय, असं काहीतरी.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. बारामतीच्या चर्चमधल्या लोकांनी प्रार्थना केल्या. आबाजीनंही केली. भरावावर सायकल आडवी टाकून, गुडघ्यावर बसून केली. रतन बरी झाली नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधी तिला बारामतीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं.

त्यानंतर आबाजी चर्चला जात राहिला. न जाण्याइतकी हिंमत त्याच्यात नव्हती, आणि रविवारी दुसरीकडं जायला जागाही नव्हती. सायकल फाट्यावर टपरीपाशी लावायची, एसटीनं बारामती गाठायची, मागच्या बाकावर बसायचं. चर्च लहान, कौलारू. दवाखान्यातल्या दोन-तीन सिस्टर, शाळेतले मास्तर, एक एसटीचा ड्रायव्हर आणि त्यांची बायकापोरं, एवढाच मेळा. उपदेशाआधी पाळकसाहेब विचारायचे, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" मग कुणीतरी उठायचं. देवानं मुलाला नोकरी दिली. देवानं ताप उतरवला. बसचा ब्रेक निकामी झाला आणि प्रभूनं वाचवलं. प्रत्येकाच्या सांगण्याचा शेवट गोड असायचा आणि सगळे "आमेन" म्हणायचे. रतन असताना ती दर रविवारी उठायची. आता पाळकसाहेबांची नजर मागच्या बाकाकडं वळली की आबाजी खाली फरशीकडं बघायचा.

एकदा बाहेर पडताना पाळकसाहेबांनी त्याला थांबवलं. पाळक वयानं त्याच्यापेक्षा लहान, बोलायला मऊ.

"आबाजी, तुम्हीही कधीतरी बोला की. रतनबाई किती सांगायच्या."

"ती सांगायची," आबाजी म्हणाला. "मला काय दिसत न्हाय."

पाळकांनी त्याचा हात हातात धरला. एसटीत खिडकीशी बसून आबाजीला त्यांचा राग आला, मग आपल्या उत्तराचाही.

आता नागेशबद्दल सांगायला हवं. नागेशचं शेत आबाजीच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, चारीला लागूनच. वय तिशीतलं, ट्रॅक्टर घेतलेला, आवाज चढा. घरात बायको आणि म्हातारी आई तानूबाई. एका उन्हाळ्यात नागेशनं पाळी नसताना रेंच लावून मोरीचं दार उचललं होतं. आबाजीनं ते खाली घातलं आणि कालव्याच्या साहेबांना कळवलं. नागेशची पुढची पाळी कापली गेली, त्याचा उभा ऊस वाळला. तेव्हापासून त्यानं आबाजीशी बोलणं टाकलं. भरावावर समोरासमोर आले तर तो बाजूला तोंड करून थुंकायचा. आबाजीची चूक नव्हती, हे गावाला माहीत होतं. पण ऊस गावातल्या माणसाचा वाळला होता आणि आबाजी कळंबचा, त्यात ख्रिस्ती. गावानं त्या भांडणात कुणाची बाजू घेतली नाही, म्हणजे आबाजीची घेतली नाही.

पंच्याण्णवची दिवाळी झाली आणि रब्बीचं पाणी सुटलं. आबाजीच्या अंगात आधीपासून कसकस होती. कालव्याकाठी डास, हिवताप काही नवा नव्हता. गोळी घेऊन तो दारं उघडत फिरला. नागेशच्या मोरीला पाणी लावून दिलं, खोलीवर आला, जरा टेकावं म्हणून घोंगडीवर आडवा झाला आणि थंडीनं असा हुडहुडला की दात वाजायला लागले. मग अंग पेटलं. उठायला गेला तर भिंत फिरली. पाण्याची घागर कोपऱ्यात होती, तिच्यापर्यंतही जाता येईना.

दारातून पाण्याचा आवाज येत होता. नागेशची पाळी संपली असेल, मोरीचं दार पाडायला हवं, एवढं त्याला समजत होतं. पण दाराच्या चाकाची मूठ त्याच्या उशाशी पडलेली आणि ती दुसऱ्या कुणाकडं नसायची. त्यानं हाक मारली. आपलाच आवाज त्याला ऊसतोडीच्या गाडीच्या मागून कुणी बोलावं तसा लांबून ऐकू आला. भरावावरून या वेळी कोण जाणार? उद्या परवा कधी साहेब फेरीला येतील तेव्हा कुणी दार ढकलेल. त्यानं मनात कुणाचं नाव घेतलं नाही. नंतर तो स्वतःच हे सांगायचा. लोकांना वाटायचं त्यानं प्रार्थना केली असेल. त्यानं केली नव्हती. रतनच्या वेळी केलेली त्याला पुरली होती.

तिकडं नागेशनं नुकताच गहू पेरला होता. पाळी संपून गेली तरी पाणी येतच राहिलं, वाफे फुटले, बी वाहायला लागलं. नागेश चिखलातून तसाच निघाला. बायकोला म्हणाला, "आज त्या पाटकऱ्याला कालव्यातच बुडवतो." हातात फावडं होतं. खोलीचं दार त्यानं लाथेनं उघडलं आणि शिवी दिली. आबाजीनं डोळे उघडून बघितलं. त्याला वाटलं, आता हा मारणार, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

नागेश तसाच उभा राहिला. मग त्यानं वाकून आबाजीच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यागत मागं घेतला.

"कवाधरनं पडलाय असं?"

नागेशनं घागरीतलं पाणी त्याच्या तोंडात घातलं, निम्मं अंगावर सांडलं. उशाची मूठ उचलली, धावत जाऊन मोरीचं दार पाडलं, आणि परत आला तो ट्रॅक्टर घेऊनच. ट्रॉलीत उसाचं पाचट टाकलं, त्यावर आबाजीला घोंगडीसकट निजवलं. रस्त्यात गचके बसत होते, वर आभाळ हलत होतं. नागेश सारखा मागं वळून ओरडत होता, "आबा, जागं ऱ्हावा! डोळं मिटू नका!" एवढ्या दिवसांत कुणी त्याला आबा म्हणून हाक मारली नव्हती.

बारामतीच्या दवाखान्यात सलाईन लागली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत चढायच्या बेतात होता ताप, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. पहिले दोन दिवस नागेशच त्याच्यापाशी बसला. फार बोलला नाही. पेपर वाचायचा, मधेच उठून बाहेर चहाला जायचा. तानूबाईनं घरून भात आणि कुळथाचं कढण पाठवलं. तिसऱ्या दिवशी आबाजी उठून बसला तेव्हा नागेश म्हणाला, "माझा गहू गेला तुमच्यापायी," आणि चपला घालून निघून गेला.

खोलीवर परतल्यावर आबाजीला करमेना. पूर्वीही करमत नव्हतं, पण हे वेगळं होतं. एक गोष्ट सांगण्यासारखी झाली होती आणि सांगायला कुणी नव्हतं. तो चुलीपुढं बसायचा आणि सगळं पुन्हा मनात फिरवायचा. पाणी वाहत राहिलं म्हणून नागेश आला. मोरीचं दार वेळेवर पडलं असतं, वाफे फुटले नसते, तर तो आला नसता. गावात त्या दिवशी आपल्या खोलीकडं यायला कारण असलेला एकच माणूस होता आणि तो आपला वैरी होता. आबाजी असं जोडत जोडत गेला आणि एका जागी येऊन थबकला. आपण देवाला हाक मारली नव्हती, तरी कुणीतरी आलं होतं. रतन असती तर तिनं हे एका दमात सांगून टाकलं असतं. त्याला ते कबूल करायला आठवडा लागला. कारण हे कबूल केलं की दुसरा प्रश्न येत होता, मग तिच्या वेळी का नाही? त्याचं उत्तर त्याला सापडलं नाही. पण पहिली गोष्ट घडली होती, ती काही दुसरीमुळं खोटी होत नव्हती.

रविवारी पाळकांनी विचारलं आणि आबाजी उठला. बाकाला धरून उभा राहिला.

"सलाम," तो चर्चच्या रीतीनं म्हणाला. "माझ्या बायकोला देवानं बरं केलं न्हाय. का, ते मला म्हाईत न्हाय. तुमालाबी म्हाईत न्हाय. पर ह्या म्हैन्यात मी मरायला टेकलो हुतो आन् माझ्या प्रभूनं एक माणूस धाडला. त्यो मला शिव्या द्यायला आलता. ज्यानं माझं तोंड बघायचं न्हाय म्हनलं हुतं, त्यानं मला पाचटावर घालून हितं आणला. देवानं ह्ये केलंय, अन् मी ह्ये बोललो न्हाय तर माझ्या मनाला लागंल. म्हणून बोललो."

तो खाली बसला. लोकांना कळेना, आमेन म्हणावं की नाही. सुरुवातच बऱ्या न झालेल्या बायकोपासून झाली होती. शेवटी पाळकसाहेब एकटेच हळू आवाजात म्हणाले, "आमेन."

चर्चमध्ये सांगून झालं, पण आबाजीला ते पुरं वाटेना. तिथं नागेशला कुणी ओळखत नव्हतं. सोमवारी सकाळी तो गावातल्या दूध डेअरीवर गेला. किटल्या घेऊन माणसं उभी होती, नागेशही होता. पाटकरी कधी डेअरीवर येत नसे, त्याच्याकडं म्हैस नव्हती. सगळे बघायला लागले.

"मंडळी," आबाजी म्हणाला. "ह्या नागेशनं माझा जीव वाचिवला. त्याचं म्या आभार मानतो. अन् आणखी एक हाय. त्याला माझ्या देवानं पाठवला. येशूनं पाठवला. ह्ये मला समद्यांम्होरं सांगायचं हुतं."

कुणीतरी हसलं. नागेश लाल झाला.

"मला कुणी पाठवलं न्हाय! मी तुमास्नी बुडवायला आलतो."

"त्येच की," आबाजी म्हणाला.

"काय त्येच की? ट्रॅक्टर मी हाणला. दवाखान्यात मी बसलो. गहू माझा गेला. अन् नाव तुमच्या देवाचं? मग मी काय नुस्ता बैल, हाकंल तिकडं चाललो?"

आता सगळेच हसले. नागेश किटली तशीच ठेवून निघून गेला. आबाजी सायकल हातात धरून भरावापर्यंत चालत आला. आपण चांगलं करायला गेलो आणि त्या माणसाचा अपमान केला, हे त्याला चावत राहिलं. त्या दिवशी त्याला रतनची फार आठवण आली. तिला कसं जमायचं हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

दोन-चार दिवस त्यानं विचार केला आणि मग नागेशच्या शेतात गेला. नागेश पुन्हा गहू पेरत होता. आबाजी बांधावर उभा राहिला.

"नागेश, तू बैल न्हाईस."

नागेशनं वर बघितलं नाही.

"दार उघडून मला तसला बघितलास. तिथनं माघारी फिरता आलं असतं तुला. मूठ उचलायची, दार पाडायचं, घरी जायचं. कुणाला कळलं नसतं. तू फिरला न्हाईस. त्ये तुझं हाय. त्यात मी कुणाचं नाव घालत न्हाय."

"मग डेअरीवर काय बोललात?"

"दारापतुर देवानं आणला, असं मला वाटतंय. आन् ते मी म्हणणार. तुला राग आला तरी म्हणणार. दाराच्या आतलं तुझं."

नागेशनं पेरणीची पाभर थांबवली. मग म्हणाला, "म्हणा काय म्हणायचं ते. पर डेअरीवर नगा म्हणू, लोकं मला पाद्री म्हणाय लागल्यात."

तेवढ्यावर दोघांचं जमलं. दोस्ती झाली असं नाही. नागेश भरावावर भेटला की आता थांबायचा, पाण्याची चौकशी करायचा आणि जायचा. आबाजीची संध्याकाळ होती तशीच राहिली. गावात मात्र त्याचं हसू होऊ लागलं, कारण एकदा तोंड उघडल्यावर ते पुन्हा मिटेना. मोरी फुटता फुटता वाचली की तो शेतकऱ्याला सांगायचा, देवानं राखली. काही जण मान डोलवायचे, काही त्याच्या पाठीमागं नक्कल करायचे. त्याला ते ऐकू यायचं. भिगवणच्या बाजारात कळंबचा एक चुलतभाऊ भेटला, तर आबाजीनं त्यालाही नागेशची गोष्ट सांगितली. चुलतभावानं ऐकून घेतलं, "बरं हाय," म्हणाला आणि गर्दीत शिरला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तानूबाई, नागेशची आई, करंजीच्या सावलीत येऊन बसली. कालवा कोरडा होता. तिनं आधी इकडचं तिकडचं बोलून घेतलं.

"पाटकरीदादा, तुमी देवाचं मोठ्यांदा बोलता म्हणं."

"बोलतो, आक्का."

"मग माझंबी सांगा त्याला. माझा धाकटा, मल्हार. नागेशशी वाटणीवरनं भांडला अन् गेला. कुठं हाय ठावं न्हाय. घरात त्याचं नाव काढायची सोय न्हाय. नागेश ताटावरनं उठतो." तिनं पदर तोंडाला लावला. "नाव घेऊन घेऊन मनातल्या मनात झिजलं बगा."

आबाजीला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "आक्का, तुमीच सांगा. मी संगं बसतो."

"मला कुठं येतंय?"

"जसं मला सांगितलं तसंच."

म्हातारीनं कोरड्या कालव्याकडं तोंड केलं आणि मल्हारबद्दल सांगायला सुरुवात केली. लहानपणी त्याच्या कानात पाणी जायचं, इथपासून. ऊन सरकलं, सावली सरकली, ती सांगत होती. शेवटी आबाजीनं दोन वाक्यांत प्रार्थना केली, मल्हारला कुठं असेल तिथं जेवू घाल म्हणाला. तानूबाई उठली, लुगडं झटकलं आणि घरी गेली. भरावावर ती लांबपर्यंत दिसत राहिली, मग उसाआड गेली.

मल्हार आला नाही. निदान आबाजीची नोकरी संपून तो बारामतीला चर्चमागच्या खोलीत राहायला गेला तोपर्यंत तरी आला नव्हता. पण त्या दुपारनंतर थोड्याच दिवसांनी नागेश मुद्दाम खोलीवर आला आणि उंबऱ्यात बसला.

"आईनं काल जेवताना मल्हारचं नाव घेतलं," तो म्हणाला. "सरळ. मोठ्यांदा."

"मग?"

"उठणार हुतो. उठलो न्हाय." त्यानं जमिनीवर काडीनं रेघ ओढली. "कोरड्यासात शेवगा हुता. मी म्हनलं, मल्हारला शेवगा लय आवडायचा. तर आई हसली. आन् मग आमी बसूनच ऱ्हायलो, हात वाळंपतुर."

आबाजीनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. साखर कमी होती, ती सगळी त्यानं नागेशच्या कपात घातली.